कर्करोग बरा झाला, पण ऐकू कमी येतंय: केमोथेरपीमुळे कान का जातात आणि ते वाचवता येतात का?

केमोथेरपी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गळलेले केस, उलट्या, तोंडात आलेले फोड, सलाइन लावलेला हात. यातल्या बऱ्याच गोष्टी उपचार संपल्यावर हळूहळू मागे पडतात. केस पुन्हा येतात, तोंडाला चव येते, माणूस हिंडूफिरू लागतो.

एक दुष्परिणाम मात्र असा आहे, जो बाहेरून कोणाला दिसत नाही, दुखत नाही, आणि एकदा झाला की आयुष्यभर राहतो. तो म्हणजे ऐकू कमी येणं.

घरच्यांच्या लक्षात हे फार उशिरा येतं. 'हल्ली बाबा टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात', 'मुलगी हाक मारली तरी ओ देत नाही', 'आजारपणानंतर तो जरा हट्टी झालाय' अशी वाक्यं आधी येतात. त्याचा संबंध काही महिन्यांपूर्वी संपलेल्या केमोथेरपीशी असेल, असं कोणाच्या मनातही येत नाही.

हे नेमकं कशामुळे होतं? कोणाला धोका जास्त असतो? त्यावर औषध आहे का? आणि भारतात, विशेषतः तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं असलेल्या आपल्याकडे, या प्रश्नाचं काय चाललंय? समजून घेऊया.

सिस्प्लॅटिन हे औषध काय आहे?

कान निकामी करणाऱ्या कर्करोगाच्या औषधांमध्ये सगळ्यांत वरचं नाव आहे सिस्प्लॅटिन. नावातच प्लॅटिनम आहे, आणि खरोखरच या औषधाच्या रेणूच्या मध्यभागी प्लॅटिनमचा अणू असतो.

हे संयुग पहिल्यांदा १८४५ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यांनी तयार केलं. पुढची १२० वर्षं त्याचा औषध म्हणून कोणी विचारही केला नव्हता. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जिवाणूंवर विजेच्या प्रवाहाचा काय परिणाम होतो, ते तपासत होते. जिवाणू लांब होत होते, पण त्यांचं विभाजन थांबलं होतं. शोध घेतल्यावर कळलं की ही करामत विजेची नव्हती. विद्युतअग्र प्लॅटिनमचे होते, त्यातून थोडं प्लॅटिनम द्रावणात उतरत होतं आणि त्यातून तयार झालेली संयुगं पेशींचं विभाजन रोखत होती.

बेसुमार विभाजन हाच तर कर्करोगाचा स्वभाव. १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली. शरीरभर पसरलेला वृषणाचा कर्करोग तोवर बहुतांश रुग्णांसाठी मृत्यूचं फर्मान होता. सिस्प्लॅटिन आल्यावर त्यातले बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले.

आज डोकं व मान, फुप्फुस, गर्भाशयमुख, बीजाशय, मूत्राशय अशा अनेक कर्करोगांमध्ये हे औषध वापरलं जातं. लहान मुलांमध्ये यकृताचा हेपॅटोब्लास्टोमा, हाडाचा ऑस्टिओसार्कोमा, मेंदूतला मेड्युलोब्लास्टोमा, न्यूरोब्लास्टोमा यांच्या उपचारात त्याचा आधार घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि पेटंट कधीच संपल्यामुळे ते स्वस्तही आहे.

थोडक्यात, हे जुनं, खात्रीचं आणि गरिबालाही मिळू शकणारं औषध आहे. त्यामुळेच त्याच्या दुष्परिणामांचा प्रश्न 'औषध बंद करा' असं म्हणून सुटत नाही.

कानात नेमकं काय घडतं?

आपल्या आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. आकाराने तो वाटाण्याएवढा. त्यात सुमारे १५ हजार केशपेशी ओळीने मांडलेल्या असतात. आवाजाच्या लहरी आल्या की या पेशींवरचे सूक्ष्म केस हलतात आणि त्या हालचालीचं विजेच्या संदेशात रूपांतर होऊन तो मेंदूकडे जातो.

यात एक ठरलेली वाटणी आहे. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे, म्हणजे बारीक, टोकदार आवाज टिपतात. जसजसं आत जावं, तसतसा खर्जातल्या आवाजांचा इलाखा येतो.

सिस्प्लॅटिन रक्तावाटे कॉक्लियात शिरतं. तिथे ते पेशींच्या डीएनएला चिकटतं, पेशींमध्ये घातक ऑक्सिजनयुक्त रेणू तयार होतात आणि केशपेशी मरू लागतात. पहिला फटका बसतो तो शंखाच्या तोंडाशी असलेल्या, उंच पट्टीच्या पेशींना. औषधाची एकूण मात्रा वाढत गेली की नुकसान आतल्या भागाकडे सरकतं. साधारणपणे दोन्ही कानांना ते सारखंच होतं.

माणसाच्या कानातली केशपेशी मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. म्हणून हे नुकसान कायमचं असतं.

पण कानच का? याचं महत्त्वाचं उत्तर २०१७ मध्ये मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांचे कान आणि सिस्प्लॅटिन घेतलेल्या रुग्णांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या कॉक्लिया तपासल्या. शरीराचे बहुतेक अवयव हे औषध काही दिवसांत किंवा आठवड्यांत बाहेर टाकतात. कॉक्लियामध्ये मात्र उपचार संपून कित्येक महिने, वर्षं उलटल्यावरही प्लॅटिनम सापडलं. म्हणजे औषध आत शिरतं, पण त्याला बाहेर पडायला वाट सापडत नाही.

काहींच्या बाबतीत केमोथेरपी संपल्यावरही ऐकणं कमी होत का जातं, याचा उलगडा या शोधाने बराचसा होतो. शेवटचा डोस झाला म्हणजे कानांपुरता विषय संपला, असं समजता येत नाही.

'ऐकू येतं, पण कळत नाही' म्हणजे काय?

ऐकू कमी येणं म्हणजे रेडिओचा आवाज बारीक करणं, अशी आपली समजूत असते. सिस्प्लॅटिनमुळे होणारं नुकसान वेगळं असतं. इथे आवाज येतो, पण त्यातली काही अक्षरं गळून पडतात.

आपल्या बोलण्यात स्वर हे खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग मात्र उंच पट्टीत आणि कमी ताकदीचा असतो. 'स'चा सूऽऽ असा आवाज तर ४,००० हर्ट्झच्याही बराच वर पसरलेला असतो. नेमका तोच भाग कानातून आधी जातो. मग 'सात' आणि 'हात', 'खाट' आणि 'थाट' यांतला फरक ओळखायला समोरच्याच्या ओठांकडे बघावं लागतं किंवा संदर्भाने अंदाज करावा लागतो.

मराठीत तर एकट्या 'स'वर कितीतरी अर्थ टांगलेला आहे. 'जेवला का?' हे दुसऱ्या कोणाबद्दल विचारलेलं असतं आणि 'जेवलास का?' हे आपल्याला. शेवटचा 'स' ऐकू आला नाही, तर आपल्याला प्रश्न विचारलाय हेच कळत नाही. मग उत्तर येत नाही, आणि समोरच्याला वाटतं, हा लक्षच देत नाही.

शांत खोलीत, समोरासमोर बसून बोलताना अशा माणसाचं फारसं अडत नाही. अडतं ते एसटी स्टँडवर, लग्नाच्या हॉलमध्ये, पंख्याच्या घरघरीत, पन्नास मुलांच्या वर्गात. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, 'ऐकू येतं ना नीट?' आणि रुग्ण खरंखुरं उत्तर देतो, 'हो, येतं की.' म्हणूनच नुसतं विचारून हा आजार सापडत नाही.

याच्या जोडीला अनेकांच्या कानात सतत शिट्टी किंवा किरकिर वाजत राहते. बाहेर सगळं शांत असताना रात्री तो आवाज जास्तच जाणवतो. झोप उडते, चिडचिड वाढते.

लहान मुलांच्या बाबतीत धोका मोठा का?

मोठ्या माणसाला भाषा आधीच येत असते. गळलेलं अक्षर तो अनुभवाने भरून काढतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला अजून भाषा यायची असते. जो आवाज त्याने कधी नीट ऐकलाच नाही, तो त्याच्या बोलण्यात कसा येणार?

न्यूरोब्लास्टोमातून वाचलेल्या मुलांच्या एका अमेरिकी अभ्यासात, २००७ मध्ये, असं दिसलं की ज्या मुलांची श्रवणशक्ती कमी झाली होती, त्यांच्या पालकांनी वाचन, गणित आणि एकाग्रतेच्या अडचणी इतर मुलांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट प्रमाणात सांगितल्या.

शाळेत परतलेल्या अशा मुलाकडे आधीच 'आजारातून उठलेलं' म्हणून पाहिलं जातं. त्याची शाळा बुडालेली असते. मार्क कमी पडले तर कारण तयारच असतं. कान तपासावेत, हे सुचायला कोणीतरी माहीतगार लागतो.

हे किती जणांना होतं? कोणाला जास्त?

आकडे औषधाच्या मात्रेनुसार, वयानुसार आणि तपासणीच्या पद्धतीनुसार बदलतात. सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपैकी ४० ते ८० टक्के रुग्णांना काही ना काही कायमचं नुकसान होतं, असं वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये दिसतं. २०२२ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सिस्प्लॅटिन आणि त्याच कुळातलं कार्बोप्लॅटिन मिळून सुमारे ४३ टक्के रुग्णांमध्ये श्रवणदोष आढळला. जगात दरवर्षी अंदाजे पाच लाख लोकांना या औषधांमुळे श्रवणदोष होतो, असं त्या अभ्यासाचं अनुमान होतं.

वृषणाच्या कर्करोगातून बरे झालेल्या ४८८ पुरुषांच्या अमेरिकी अभ्यासात, २०१६ मध्ये, तब्बल ८० टक्के जणांमध्ये कमी-अधिक श्रवणदोष सापडला. जवळपास १८ टक्क्यांमध्ये तो तीव्र किंवा अतितीव्र होता. ही बहुतेक माणसं ऐन उमेदीतली, म्हणजे पुढे तीस-चाळीस वर्षं जगणारी असतात.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी साधारण अशा आहेत:

• औषधाची एकूण मात्रा. जितकी जास्त, तितका धोका जास्त.
• वय. पाच वर्षांखालच्या मुलांना सर्वाधिक धोका.
• डोक्याला किंवा कानाजवळ दिलेलं रेडिएशन.
• आधीपासून कमजोर असलेली किडनी.
• सोबत दिली जाणारी कानांना मारक औषधं. अमिकासिन, जेंटामायसिन ही प्रतिजैविकं आणि लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड ही त्यातली नेहमीची नावं.
• आधीच कमी झालेली श्रवणशक्ती आणि मोठ्या आवाजाचा मारा.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष लागू पडतो. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीत यंत्रमागावर वीस वर्षं काम केलेल्या माणसाचे कान आधीच दमलेले असतात. त्यात तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला, जिभेवर किंवा जबड्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मग सिस्प्लॅटिन आलं, तर बोलणंही अस्पष्ट आणि ऐकणंही अपुरं, अशी दुहेरी कोंडी होते.

मग मात्रा कमी का करत नाहीत? दुसरं औषध का देत नाहीत?

इथेच या प्रश्नातला खरा पेच आहे. आणि त्यावरचं महत्त्वाचं संशोधन मुंबईत झालेलं आहे.

डोकं आणि मानेच्या कर्करोगात रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन देतात. ते दोन प्रकारे देता येतं: दर तीन आठवड्यांनी मोठा डोस किंवा दर आठवड्याला छोटा डोस. छोटा डोस सोसायला सोपा. परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ३०० रुग्णांवर या दोन्ही पद्धतींची तुलना केली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आठवड्याला ३० मिलिग्रॅम (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला) घेणाऱ्या रुग्णांमध्ये गंभीर दुष्परिणाम कमी होते: ७१.६ टक्के, विरुद्ध मोठ्या डोसच्या गटात ८४.६ टक्के. पण दोन वर्षांनी कर्करोग मूळ जागी आणि मानेत आटोक्यात राहिल्याचं प्रमाण छोट्या डोसच्या गटात ५८.५ टक्के होतं, तर मोठ्या डोसच्या गटात ७३.१ टक्के. म्हणजे सोसायला सोपा पर्याय रोगाला रोखण्यात कमी पडला.

चित्र इथेच थांबत नाही. जपानमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शस्त्रक्रियेनंतर धोका जास्त असलेल्या रुग्णांना तिथे आठवड्याला ४० मिलिग्रॅमचा डोस दिला होता. जगण्याच्या प्रमाणात तो मोठ्या डोसपेक्षा कमी ठरला नाही, आणि किडनी व कानांचे दुष्परिणामही कमी दिसले. ३० आणि ४० मधला हा फरक छोटा वाटतो, पण कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत हे ठरवताना तो निर्णायक ठरू शकतो.

आणि ज्यांचे कान किंवा किडनी आधीच कमजोर आहेत, त्यांचं काय? अशा रुग्णांना सिस्प्लॅटिन देता येत नाही. पूर्वी त्यांतल्या अनेकांना नुसतं रेडिएशन मिळायचं. टाटा मेमोरिअलच्याच आणखी एका चाचणीत अशा ३५६ रुग्णांपैकी निम्म्यांना रेडिएशनसोबत डोसिटॅक्सेल हे दुसरं औषध दिलं गेलं. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेलं. म्हणजे सिस्प्लॅटिन सोसणार नाही अशांसाठी आता हाताशी एक पर्याय आहे.

पण हा पर्याय वापरायचा तर रुग्णाचे कान कमजोर आहेत, हे आधी माहीत हवं. ते कळणार तपासणीनेच.

कान वाचवणारं औषध आहे का?

लहान मुलांसाठी आहे. त्याचं नाव सोडियम थायोसल्फेट. हे रसायन मुळीच नवं नाही. फोटोग्राफीच्या डार्करूममध्ये 'हायपो' म्हणून ते पूर्वीपासून ओळखीचं. सायनाइडच्या विषबाधेवर उतारा म्हणूनही ते वापरतात. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर ते रुग्णांना द्यावं की नाही, यावर मोठा वाद झाला होता.

ते काम कसं करतं? त्यातलं गंधक प्लॅटिनमला पकडून निष्क्रिय करतं. साहजिकच शंका येते: मग ते कर्करोगाविरुद्धची ताकदही काढून घेणार नाही का? उत्तर वेळेत आहे. सिस्प्लॅटिन दिल्यानंतर सहा तास थांबतात. तोवर त्याने गाठीवर आपलं काम बरंचसं केलेलं असतं. मग थायोसल्फेट शिरेतून देतात.

हेपॅटोब्लास्टोमा झालेल्या मुलांवर अनेक देशांत मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. नुसतं सिस्प्लॅटिन घेतलेल्या मुलांपैकी ६३ टक्के मुलांची श्रवणशक्ती कमी झाली. थायोसल्फेट मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होतं. तीन वर्षांनी हयात असलेल्या मुलांच्या प्रमाणात कोणतीही घट दिसली नाही. वेगवेगळे कर्करोग असलेल्या मुलांवरच्या दुसऱ्या, अमेरिकी चाचणीतही श्रवणदोषाचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांपर्यंत उतरलं.

त्या दुसऱ्या चाचणीने एक धोक्याची घंटाही वाजवली. ज्या मुलांचा कर्करोग आधीच शरीरात पसरलेला होता, त्यांच्यात थायोसल्फेट घेतलेल्या गटाचं जगण्याचं प्रमाण कमी दिसलं. त्यामुळे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली, ती कर्करोग पसरलेला नसलेल्या, एक महिन्यावरच्या मुलांपुरतीच. २०२३ मध्ये युरोपने परवानगी दिली आणि २०२५ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत वापरण्याची शिफारस झाली.

मोठ्या माणसांसाठी असं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. कोलेस्टेरॉलसाठी घेतल्या जाणाऱ्या ॲटोरव्हास्टॅटिनकडे संशोधकांचं लक्ष आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, हे औषध आधीपासून घेणाऱ्या डोकं-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये श्रवणदोष कमी आढळला. पण तो निरीक्षणावर आधारलेला अभ्यास होता. तेवढ्यावरून कोणी स्वतःच्या मनाने ही गोळी सुरू करू नये.

भारतातल्या मुलांना हे औषध का परवडत नाही?

सोडियम थायोसल्फेट हे रसायन स्वस्त आहे. मान्यता मिळालेल्या ब्रँडच्या एका कुपीची किंमत मात्र अमेरिकेत हजारो डॉलर आहे, आणि प्रत्येक सिस्प्लॅटिननंतर ते द्यावं लागतं. सरकारी योजनेवर किंवा ट्रस्टच्या मदतीवर मुलाचे उपचार करणाऱ्या कुटुंबाच्या हे आवाक्याबाहेरचं आहे.

विषबाधेसाठी मिळणारं साधं थायोसल्फेट वापरलं तर? त्याची तीव्रता आणि त्यातले इतर घटक वेगळे असतात. मुलांना यासाठी लागणारी मात्रा मोठी असते. त्यातून रक्तातलं सोडियम वाढू शकतं, पोटॅशियम घटू शकतं, उलट्या होतात. म्हणून अमेरिकी नियामकाने एकाऐवजी दुसरं वापरू नये, असं बजावलं आहे.

म्हणजे इथे विज्ञानाचं काम बरंचसं झालेलं आहे. अडलंय ते किमतीपाशी. प्रमाणित, मुलांना देण्याजोगं थायोसल्फेट स्वस्तात बनवणं आणि ते योजनांमध्ये बसवणं, हे जेनेरिक औषधांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या देशाला अशक्य नाही. त्यासाठी कोणीतरी हा प्रश्न लावून धरायला हवा.

आज, आत्ता काय करता येईल?

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा उपाय म्हणजे कानांची तपासणी.

पहिला डोस देण्याआधी एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. तो आलेख पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया असतो. त्यानंतर प्रत्येक सायकलच्या आधी, किमान ठरावीक अंतराने आणि उपचार संपल्यावरही तपासणी व्हावी. मुलांच्या बाबतीत ती पुढे काही वर्षं चालू ठेवावी लागते.

नेहमीची ऑडिओमेट्री ८,००० हर्ट्झपर्यंत पाहते. सिस्प्लॅटिनचा पहिला घाव त्याच्याही वरच्या पट्टीत बसतो. सोय असेल तिथे १६,००० हर्ट्झपर्यंतची तपासणी केली, तर बोलणं समजण्यावर परिणाम होण्याआधीच इशारा मिळू शकतो. बटण दाबून उत्तर देऊ न शकणाऱ्या बाळांसाठी ओएई आणि बेरा या चाचण्या असतात. त्यात मुलाने काही सांगायची गरज नसते.

इशारा मिळाला की डॉक्टरांना विचार करायला वाव मिळतो. उरलेले डोस तसेच द्यायचे, पद्धत बदलायची, कार्बोप्लॅटिनसारखं कानांना तुलनेने कमी त्रास देणारं औषध चालेल का, सोबतचं अमिकासिन बदलता येईल का? काही वेळा उत्तर येईल, 'नाही, जीव वाचवायचा तर हेच द्यावं लागेल.' तेही चालेल. पण तो निर्णय माहिती असताना आणि घरच्यांशी बोलून झालेला असेल.

आणखी एक गोष्ट. रेडिएशननंतर मधल्या कानात पाणी साठूनही ऐकू कमी येऊ शकतं. त्यावर इलाज होतो. प्रत्येक वेळी दोष सिस्प्लॅटिनचाच असेल असं नाही, हेही तपासणीनेच कळतं.

ऐकणं कमी झालंच तर?

श्रवणयंत्राने अनेकांना चांगला उपयोग होतो. फक्त ते उंच पट्टीच्या दोषासाठी ऑडिओलॉजिस्टकडून नीट जुळवून घ्यावं लागतं. दुकानातून आणलेलं, सगळेच आवाज सरसकट मोठे करणारं यंत्र त्रास वाढवतं आणि मग ते कपाटात पडून राहतं. दोष फारच तीव्र असेल तर कॉक्लीअर इम्प्लांटचा विचार होतो. शाळेत पहिल्या बाकावर जागा, शिक्षकांच्या गळ्यात मायक्रोफोन आणि मुलाच्या कानात रिसीव्हर, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून दिव्यांगांना श्रवणयंत्रं मिळतात.

पण इथे एक कायदेशीर फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलचा दोष असेल तर 'कमी ऐकू येणारा' आणि ७० च्या वर असेल तर 'कर्णबधिर' अशी व्याख्या आहे. सिस्प्लॅटिनमुळे उंच पट्टी गेलेल्या मुलाचा खालच्या पट्टीतला कान बऱ्याचदा शाबूत असतो. वर्गात त्याला अर्धं वाक्य कळत नाही, तरी कागदावर तो या व्याख्येत बसत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, आणि सवलत नाही म्हणून यंत्र स्वतःच्या खिशातून घ्यायचं, अशी ही साखळी आहे.

हे बदलू शकतं का?

बदल होतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर वर्षानुवर्षं कानामायसिनची इंजेक्शनं दिली जात. क्षय बरा व्हायचा, पण अनेकांचे कान जायचे. 'जीव वाचला ना' असं म्हणून ते सोडून दिलं जायचं. रुग्णांनी आणि डॉक्टरांनी आवाज उठवला, बेडाक्विलिनसारखी नवी औषधं आली, आणि २०१८ नंतर जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शनांऐवजी तोंडाने घ्यायच्या औषधांवर भर दिला. भारतानेही तीच वाट धरली.

सिस्प्लॅटिनच्या बाबतीत अजून असा सरळ पर्याय हाती नाही. पण पहिली पायरी तीच आहे: कान जाणं ही बरं होण्याची किरकोळ किंमत आहे, असं गृहीत धरणं थांबवायचं.

डॉक्टरांना काय विचाराल?

घरात कोणाची केमोथेरपी सुरू होणार असेल तर हे प्रश्न लिहून न्या:

• दिल्या जाणाऱ्या औषधांत सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आहे का? एकूण मात्रा किती होणार?
• पहिल्या डोसआधी कानांची तपासणी कुठे करून घेऊ?
• पुढची तपासणी कधी? तिची नोंद फाइलमध्ये राहील का?
• सोबतच्या औषधांमध्ये कानांना त्रास देणारं काही आहे का? त्याला पर्याय आहे का?
• रुग्ण लहान मूल असेल, तर सोडियम थायोसल्फेटचा उपयोग होईल का? ते मिळू शकेल का?

उपचार चालू असताना कानात शिट्टी वाजणं, गर्दीत बोलणं न कळणं, फोनवर पुन्हापुन्हा 'काय?' विचारणं असं काही जाणवलं, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता सांगा. डोस स्वतःहून मात्र चुकवू नका. कर्करोगाचा उपचार अर्धवट सोडण्याचा धोका ऐकू कमी येण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणि उपचार आधीच होऊन गेले असतील, तर अजूनही वेळ गेलेली नाही. एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. तीन वर्षांपूर्वी केमोथेरपी झालेला, वर्गात मागे पडणारा मुलगा आळशी आहे की त्याला 'स' ऐकू येत नाही, हे अर्ध्या तासाच्या तपासणीत कळू शकतं.